मैदान कोणी निवडायचे? परदेश दौऱ्यांच्या यादीमागचा इतिहास

#थ्रेड

हिंगोली शहरात आजही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी वस्त्यांची नावे ऐकू येतात. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची येथे छावणी होती. १९०३ मध्ये ती उठली. फौज गेली, नावे मात्र मागे राहिली. पायदळ राहिले ती पलटण, घोडदळ राहिले तो रिसाला, तोफा उभ्या राहिल्या तो तोफखाना.

अशा कोणत्याही छावणीत मोकळ्या जागेचा मालक कोण, हा प्रश्न कुणाला पडत नसे. मैदान कवायतीचे असे, म्हणजे फौजेचे असे. संध्याकाळी तेथे खेळ चालला तर तो साहेबांचा. गावातली पोरे खेळणार ती त्यांनी परवानगी दिली तर, अन्यथा कडेला उभी राहून पाहणार.

मोठ्या प्रमाणावर हेच चित्र मुंबईत होते. या धाग्याचा विषय परदेश दौऱ्यासाठी मैदाने निवडण्याचा आहे. परंतु मायदेशात मैदान कोणाचे होते हे आधी पाहिल्याशिवाय त्या निवडीचा अर्थ लागत नाही. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम थोडे गोल्फविषयी. मित्रांची टोळी जमवून, सामान बांधून, परक्या देशात जाऊन तेथील मैदानांवर खेळायचे, ही कल्पना आज गोल्फवाल्यांची म्हणून ओळखली जाते. तिला इतिहासही आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचे गाव आहे. हिवाळा सुखाचा जावा म्हणून तेथे येणाऱ्या इंग्रज आणि स्कॉटिश मंडळींनी १८५६ मध्ये तेथे गोल्फ क्लब काढला. ब्रिटिश बेटे सोडली तर युरोपातला हा पहिला क्लब. गंमत अशी, की कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. युरोप खंडाच्या आधी हा खेळ हिंदुस्थानात रुजला होता, कारण तो फौजेच्या आणि व्यापाऱ्यांच्या सामानातून येत होता.

गोल्फच्या सहलीची आखणी करताना एक अडचण हमखास येते. टोळीतले सगळे सारख्या ताकदीचे नसतात. कोणी कसलेला, कोणी कालच शिकलेला. मैदान फार कठीण निवडले तर अर्धे लोक दिवसभर झुडपांत चेंडू शोधतात. फार सोपे निवडले तर उरलेले कंटाळतात. गोल्फने यावर हँडिकॅपचा तोडगा काढला. दुबळ्या खेळाडूला आधीच काही फटक्यांची सूट द्यायची, म्हणजे एकाच मैदानावर बाप आणि मुलगा बरोबरीने खेळू शकतात.

एकोणिसाव्या शतकातल्या क्रिकेटलाही असा एक तोडगा ठाऊक होता. दुबळ्या संघाला जास्त गडी द्यायचे. १८५९ मध्ये इंग्लंडचा पहिला संघ परदेशी, म्हणजे उत्तर अमेरिकेला गेला, तेव्हा त्याच्या अकरा गड्यांसमोर स्थानिक संघ बावीस गडी घेऊन उतरत. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. बलाबल पाहून सामना जुळवणे ही सभ्यता मानली जाई.

आता मुंबईकडे वळू.

मुंबईच्या किल्ल्याबाहेर एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण मोकळे मैदान होते. ते कुणाच्या विहारासाठी सोडलेले नव्हते. शत्रू चालून आला तर किल्ल्यावरच्या तोफांना समोरचे स्वच्छ दिसावे, म्हणून तेथे बांधकामाला मनाई होती. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या, पण मैदानाचा बराच भाग मोकळा राहिला. त्यावर पारशी मुले क्रिकेट खेळू लागली. १८४८ मध्ये पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापला. हिंदी लोकांचा हा पहिला क्रिकेट क्लब. १८६६ मध्ये हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब निघाला. पाहता पाहता मैदानावर डझनावारी क्लब उभे राहिले. तंबू नाहीत, कुंपण नाही, खेळपट्टी स्वतःच्या हातांनी सारवलेली.

१८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. सभासदत्व केवळ युरोपियनांना. मैदानातली उत्तम हिरवळ जिमखान्याकडे गेली. एवढ्यावर भागले असते तरी देशी क्लबांनी चालवून घेतले असते. पण जिमखान्याच्या साहेबांना पोलोही खेळायचा होता, आणि पोलोसाठी त्यांनी देशी क्लबांच्या वाट्याचा भाग धरला. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर क्रिकेट कसे खेळायचे? चेंडू कुठून उसळेल आणि कुणाच्या कपाळावर बसेल याचा नेम राहिना.

१८८० च्या दशकाच्या आरंभी पारशी आणि हिंदू खेळाडूंनी शेकडो सह्यांचे अर्ज गव्हर्नराकडे पाठवले. अर्जाचा सूर नम्र होता, पण मुद्दा बिनतोड होता: काही मोजक्या साहेबांच्या आठवड्यातून एकदोन संध्याकाळच्या करमणुकीसाठी शेकडो तरुणांचे एकमेव मैदान खराब होते आहे. सरकारने कधी यांचे ऐकले, कधी त्यांचे. शापूरजी सोराबजी या गृहस्थांनी या झगड्याची हकीकत पुढे १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवली. हिंदी क्रिकेटविषयीचे आरंभीचे लेखन हे असे मैदानाच्या तंट्यातून जन्मले, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे.

याच वर्षांत पारशी क्लबांमध्ये इंग्लंडच्या दौऱ्याची भाषा सुरू होती. १८७० च्या दशकाच्या अखेरीस एक बेत आखला गेला होता, पण तो आपसातल्या बेबनावाने फसला. टोळीने परदेशी जायचे म्हटले की पहिला सामना आपल्याच माणसांशी असतो. कोण जाणार, कोण पैसे देणार, कोण पुढारी? अखेर १८८६ मध्ये जुळून आले. तयारीसाठी सरे परगण्याचा व्यावसायिक खेळाडू रॉबर्ट हेंडरसन याला शिकवायला मुंबईत आणले गेले. डॉ. धनजीशा पटेल यांच्या नेतृत्वाखाली संघ बोटीत बसला.

हिंदू खेळाडू तेव्हा का गेले नाहीत, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. समुद्र ओलांडणे म्हणजे जात बाटणे, ही समजूत तेव्हा कमकुवत झाली असली तरी मेलेली नव्हती. समुद्रापारच जायला हवे असेही नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले, हे सर्वश्रुत आहे. त्या काळात हौसेखातर चेंडू खेळण्यासाठी विलायतेला जायला हिंदू घरांतून परवानगी मिळणे अवघडच होते. पारशांना ही आडकाठी नव्हती.

१८८६ च्या दौऱ्याची यादी पाहिली तर तिच्यात दोन वृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. अठ्ठावीस सामन्यांपैकी बहुतेक हौशी क्लबांशी, सरदार-उमरावांच्या संघांशी, लहान शहरांतल्या मैदानांवर होते. म्हणजे आपल्या ताकदीचा अंदाज होता. पण त्याच यादीत लॉर्ड्सही होते. एमसीसीविरुद्ध, आणि समोर डब्ल्यू. जी. ग्रेस! ज्याला स्वतःच्या शहरात नीट खेळपट्टी मिळत नाही, त्याने विलायतेला जाऊन लॉर्ड्स वगळावे, ही अपेक्षा करणेच चूक आहे.

व्हायचे ते झाले. लॉर्ड्सवर पारशी संघाचा पहिला डाव २३ धावांत आटोपला, दुसरा ६६ मध्ये. गारठा, ओली खेळपट्टी, न पाहिलेली वळणे आणि ग्रेसची दाढी; भीती वाटायला यांतले एकही पुरेसे होते. बावीस गड्यांची सवलत कोणी मागितली नाही, कोणी देऊ केली नाही. अकरा विरुद्ध अकरा. संपूर्ण दौऱ्यात २८ पैकी १ विजय, १९ पराभव, ८ सामने अनिर्णित.

विस्डेन या इंग्लंडच्या वार्षिक ग्रंथाने क्रिकेटच्या दृष्टीने दौरा अपयशी ठरवला आणि त्याचे धावफलक छापण्याच्या योग्यतेचे मानले नाहीत. ही बाब किरकोळ वाटेल, पण तिची बोच मोठी होती. विस्डेनमध्ये लहानसहान शाळांचे सामनेही येत. हजारो मैल बोटीने आलेल्या संघाचे आकडे मात्र त्या पानांवर आले नाहीत.

तरीही दौऱ्याचा शेवट विंडसरला झाला. राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स ख्रिश्चन व्हिक्टर याच्या संघाशी, राजवाड्याच्या उद्यानात. मुंबईच्या एस्प्लनेडवर ज्यांना पोलोच्या घोड्यांपुढून बाजूला व्हावे लागे, ते राणीच्या बागेत पाहुणे म्हणून खेळले. हा विरोधाभास त्या तरुणांच्या ध्यानात आला नसेल असे म्हणवत नाही. त्यांच्यापैकी अनेकांसाठी दौऱ्याचे खरे संचित हेच असावे.

दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, पेस्तनजी कांगा यांच्या नेतृत्वाखाली दुसरा संघ गेला. या वेळी ३१ सामने. ८ विजय, ११ पराभव, १२ अनिर्णित. दोन वर्षांत एवढा फरक कशाने पडला? पहिल्या दौऱ्याहून परतलेल्यांनी थंडीत चेंडू कसा फिरतो, ओल्या जमिनीवर पाय कुठे घसरतो हे सांगितले असणार. पण निर्णायक कारण एक माणूस होता. मेहेलाशा पावरी. नवसारीकडचा, पुढे डॉक्टर झालेला हा वेगवान गोलंदाज. त्याने त्या एका उन्हाळ्यात १७० बळी घेतले आणि सरासरी बळीमागे बारा धावांच्याही आत ठेवली. छोट्या गावांची मैदाने, लहानमोठ्या खेळपट्ट्या, रोज नवा प्रतिस्पर्धी. अशा यादीत जो गोलंदाज रोज बदलत्या जमिनीशी जुळवून घेतो तोच टिकतो.

पावरीचे खरे उत्तर मुंबईत यायचे होते. जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन याचा इंग्लिश हौशी संघ मुंबईत आला. सामना ठरला तो बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. म्हणजे ज्या क्लबात पारशांना सभासद होता येत नव्हते, त्याच्याच हिरवळीवर. दुसऱ्या डावात पावरीने ३४ धावांत ७ गडी टिपले आणि पारशांनी चार गडी राखून सामना जिंकला. व्हर्ननच्या संघाचा हिंदुस्थानातला हा एकमेव पराभव. त्या दिवशी मैदानाभोवती जमलेल्या हजारोंपैकी बहुतेकांना एरवी त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायला मिळत नसे.

दरम्यान सरकारने पोलोच्या तंट्यावर एक सरकारी छापाचा तोडगा काढला होता. समुद्रात भर घालून केनेडी सी-फेसला जागा तयार झाली आणि ती पारशी जिमखान्याला मिळाली. पाठोपाठ १८९० च्या दशकात इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना तेथेच शेजारी उभे राहिले. मरीन ड्राइव्हवरून जाताना आज जे सलग जिमखाने दिसतात, त्यांचा उगम हा. एस्प्लनेडवर सगळे एकत्र अर्ज करत होते. सी-फेसवर प्रत्येकाला धर्मानुसार वेगळे मैदान मिळाले. याचा परिणाम पुढच्या दौऱ्याच्या यादीवर झाला, तो असा.

१९११ मध्ये प्रथमच 'अखिल हिंदुस्थान' या नावाने संघ इंग्लंडला निघाला. संघनिवड धर्मवार झाली: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि या सर्वांवर कर्णधार म्हणून पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय वर्षे एकोणीस. पाच हिंदूंमध्ये बाळू पालवणकर आणि त्यांचे बंधू शिवराम होते. येथे जरा थांबायला हवे, कारण या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती ही.

बाळूंचा जन्म चर्मकार कुटुंबातला. मूळ गाव कोकणातले, वडील फौजेच्या नोकरीत. म्हणजे हेही छावणीतलेच घर. कोवळ्या वयात बाळू पुण्यात पारशांच्या क्लबावर कामाला लागले. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पुणे क्लबात गेले तेव्हा तो चार रुपये झाला. तेथे जाळी ठोकता ठोकता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. फलंदाजीसाठी गाजलेले कॅप्टन ग्रेग त्यांच्या फिरकीवर तासन्‌तास सराव करत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग दर खेपेस आठ आणे देत, असे सांगतात. हिशेब लावला तर आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटे!

ग्रेगला आठ आणे परवडत होते. पुण्यातल्या हिंदू क्लबाला मात्र प्रश्न पडला, याला संघात घ्यायचे की नाही? गोलंदाजी तर हवी होती. अखेर तडजोड निघाली. मैदानावर चेंडू सगळ्यांनी एकच हाताळायचा; मैदानाबाहेर चहा मात्र बाळूंना मंडपाच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. पंचहौदच्या चहाने बाटणाऱ्यांना आणि मातीच्या भांड्यातून चहा देणाऱ्यांना एकाच शहराने जन्म दिला होता, आणि दोन्ही प्रसंग एकाच दशकाच्या आसपासचे आहेत.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. तोवर मातीचे भांडे मागे पडले होते. विजयाने अस्पृश्यता गेली असे कुणी म्हणू नये. पण ज्याच्या हातून सामना जिंकला जातो त्याला दाराबाहेर बसवणे अवघड जाते, एवढे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या चर्चेवरून दिसते.

आता १९११ ची यादी. एकूण २३ सामने, त्यांतले १४ प्रथम श्रेणीचे. ऑक्सफर्ड, लॉर्ड्सवर एमसीसी, केंब्रिज, बर्मिंगहॅमला वॉरविकशायर, मँचेस्टरला लँकेशायर, ओव्हलवर सरे. म्हणजे दौऱ्याच्या आरंभीच, खेळाडूंचे अंग अजून बोटीच्या हेलकाव्यातून सावरत असताना, इंग्लंडमधली कसदार मैदाने एकापाठोपाठ एक. १८८६ च्या यादीत लॉर्ड्स हे एक शिखर होते. येथे शिखरांची रांगच लावलेली. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साम्राज्यातला एक प्रतिष्ठित संघ होता. तो संघ प्रत्यक्षात कोणाचा बनलेला आहे, त्यांनी एकत्र किती सामने खेळले आहेत, हे कोणी विचारलेले दिसत नाही. एरवी हे लोक एकमेकांविरुद्ध, आपापल्या जिमखान्यांकडून खेळणारे.

त्यात कर्णधाराची तऱ्हा. जून १९११ मध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांच्या दृष्टीने इंग्लंडच्या उन्हाळ्याची खरी यादी मेजवान्यांची आणि दरबारांची होती. क्रिकेटच्या सामन्यांना त्यांचे दर्शन क्वचितच घडले. संघातील अव्वल फलंदाज कर्नल मिस्त्री पतियाळाच्या सेवेत होते, तेव्हा महाराज जिकडे तिकडे मिस्त्री. टोळीतला एक धनिक आपल्या सोयीने बेत फिरवतो आणि उरलेले गप्प बसतात, ही गोष्ट कोणत्याही काळातल्या सहलीला जाणाऱ्यांना परिचित असावी.

जून महिना पराभवांचा गेला. एक माणूस मात्र प्रत्येक मैदानावर सारखाच प्रभावी ठरत होता. डावखुऱ्या मंदगती फिरकीने बाळूंनी केंब्रिज विद्यापीठाचे एका डावात आठ गडी बाद केले. जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून अकरा बळी, आणि दौऱ्यातला पहिला विजय! त्या सामन्यात डॉ. होरमसजी कांगा यांची १६३ धावांची खेळीही होती. लगोलग सॉमरसेटविरुद्ध टाँटन येथे शिवराम यांच्या नाबाद शतकाने एका गड्याने विजय मिळाला. दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंची नावे अग्रभागी आहेत, आणि दोन्ही वेळा महाराज कर्णधाराच्या जागी नव्हते.

दौरा संपला तेव्हा हिशेब असा होता: २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. बाळूंचे सर्व सामन्यांतले बळी ११४, सरासरी १८.८४. त्यांतले ७५ प्रथम श्रेणीचे. इंग्लंडच्या मातीवर, जूनच्या गारठ्यापासून ऑगस्टच्या कडक जमिनीपर्यंत, एका पस्तिशीच्या गोलंदाजाने हे केले.

बाळूंना जमिनीचे हे ज्ञान कुठून आले? याचे उत्तर पुण्याच्या त्या तीन रुपये पगारात आहे, असे मानायला जागा आहे. ज्याने वर्षानुवर्षे पहाटे उठून खेळपट्टीवर पाणी मारले, रूळ ओढला, कुठे ओल धरते आणि कुठे भेग पडते हे हाताने पाहिले, त्याला परक्या खेळपट्टीवर चेंडू टाकण्यापूर्वी एक नजर पुरत असे. महाराजांना मैदानांची यादी हाती मिळाली होती. बाळूंना जमीन वाचता येत होती. या दोन गोष्टी एका माणसात आल्या असत्या तर १९११ ची यादी निश्चितच वेगळी झाली असती. पण बाळूंना यादी करण्याच्या खोलीत जागा नव्हती. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपदही त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

मैदानांच्या मालकीची कथा पुढे नावांच्या रूपाने चालू राहते. १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, जेथे गोल्फच्या हिरवळीवर हिंदी आणि युरोपियन दोघांनाही खेळता येई. मुंबईत हे नवलच होते. नाशिकचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील जुने गोल्फ क्लब मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणून ओळखले जाते. कलेक्टर जॅक्सनला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घालणारा आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला हा तरुण. साहेबांच्या विरंगुळ्याच्या जागेला त्याचे नाव लागले. तेथे आता रणजीचे सामने होतात, आणि जुने नाशिककर अजूनही बोलताना 'गोल्फ क्लब' म्हणतात.

१९११ नंतर हिंदी संघ पुन्हा इंग्लंडला जाईपर्यंत एकवीस वर्षे गेली. १९३२ चा दौरा जवळपास चाळीस सामन्यांचा होता, आणि या वेळीही कर्णधार संस्थानिकच: पोरबंदरचे महाराज. पण त्यांनी पतियाळांहून वेगळी गोष्ट केली. आपला खेळ या मैदानांच्या योग्यतेचा नाही हे त्यांनी ओळखले आणि महत्त्वाच्या सामन्यांतून स्वतःहून बाजूला झाले. कसोटी सामना एकच मिळाला होता. मैदान अर्थातच यजमानांनी ठरवलेले, लॉर्ड्स.

२५ जून १९३२ रोजी तेथे नाणेफेकीला गेले ते नागपूरचे सी. के. नायडू. इंग्लंडने प्रथम फलंदाजी घेतली. पहिल्या अर्ध्या तासात फलकावर आकडे लागले होते: ३ बाद १९.